नववीचा वर्ग मिळालाय तुला, तर

अरे, तुझा एवढा मोठा मेसेज आला, दोनदा वाचला. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसणं एकदाचं संपलं तुझं, अभिनंदन. 18,000 मानधनात शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढायचीत, त्यात खोलीभाडं, पेट्रोल आणि घरी पाठवायचे वेगळे, कसं जमवायचं ते तुझं तू बघशीलच. 2023 च्या आधी माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला 8,000 मिळायचे त्यापेक्षा बरं एवढंच म्हणते, बाकी त्या विषयावर मी सुरू झाले की थांबत नाही हे तुला माहितीय.

मुद्द्याचं बोलू. मुख्याध्यापकांनी नववी ब दिली, गणित दिलं आणि पहिल्याच दिवशी ऐकवलं की आपल्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के असतो, तो तुमच्यामुळे खाली यायला नको. आणि तू मला विचारतोयस की बाई, निकाल कसा आणायचा. माझ्याकडे त्याची युक्ती नाही. पण शंभर टक्के हा आकडा कसा तयार होतो ते सांगू शकते, ते एकदा कळलं की नववी ब तुलाच का दिली हेही कळेल.

शाळेत गेलास की एक काम कर, कोणाला न सांगता कर. आत्ता जी पोरं दहावीला आहेत त्यांची दोन वर्षांपूर्वीची आठवीची हजेरी काढ, क्लार्कला चहा पाज, देतील. त्यातली किती नावं आज दहावीच्या हजेरीत आहेत ते बघ. जी नाहीत त्यातली किती दुसऱ्या शाळेत गेली, कितींनी दाखला नेला आणि कुठेच गेली नाहीत, किती पोरींची लग्नं झाली. गणिताचा माणूस आहेस ना तू, मग टक्केवारी दिसली की आधी छेद बघायचा. निकालाच्या टक्क्यात वरचा आकडा सगळे बघतात, फ्लेक्सवर तोच छापतात. खालचा आकडा नववीतच बारीक केलेला असतो.

कसा करतात ते तू ऐकलं असशील पण तुझ्या डोळ्यासमोर पहिल्यांदा होईल तेव्हा हलशील म्हणून आधीच सांगते. 2023-24 पासून पाचवी-आठवीलाही नापास करता येतं, तरी आठवीपर्यंत बहुतेक पोरं वर सरकत येतात, नववीत पहिल्यांदा खऱ्या अर्थाने अडतात. मार्च-एप्रिलला पालकाला बोलावतात, बसायला खुर्ची देतात (एरवी देत नाहीत), आणि सांगतात की तुमच्या मुलाला झेपत नाहीये, नापास केला तर वर्ष जाईल, त्यापेक्षा दाखला घेऊन जा आणि 17 नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून दहावी होईल. बाप बिचारा हात जोडतो, वर आभार मानतो. 17 नंबर भरला की पोरगं खाजगी विद्यार्थी झालं, शाळेच्या नियमित निकालात ते मोजलंच जात नाही. भरतो किती जण हा पुढचा प्रश्न आहे. आणि गंमत अशी की 30 सप्टेंबरला तेच पोरगं सगळ्यांना हवं असतं, कारण संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते, त्या दिवसाच्या पटावर ठरते, पट कमी भरला तर शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणजे सप्टेंबरात त्याला शोधायला आम्ही वस्तीवर जायचो आणि एप्रिलला तोच नकोसा.

हे सगळ्या शाळांत होतं असं नाही म्हणत. पण होतं. नववी ब म्हणजे बऱ्याच ठिकाणी हा छेद बारीक करायची जागा असते, आणि नव्या माणसाला ती देतात कारण नवा माणूस प्रश्न विचारत नाही.

आणि टक्क्यांवर किती विसंबायचं तेही बघ. 2018 ला राज्याचा दहावीचा निकाल 89.41 होता, 2019 ला 77.10 वर आला. एका वर्षात महाराष्ट्रातल्या मास्तरांची अक्कल गेली का? भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण काढून टाकले होते त्या वर्षी, म्हणून आपटला. पुढच्या वर्षी ते परत आले, निकालही परत वर गेला. पोरं तीच, आम्हीही तेच. तेव्हापासून निकालाच्या दिवशी मी पेढे खाते पण आकडा मनावर घेत नाही, वर गेला तरी आणि खाली आला तरी.

आता वर्गातलं. तू लिहिलंयस की पोरांना पायाच नाही, अपूर्णांकांची बेरीज येत नाही, एक छेद दोन अधिक एक छेद तीन म्हणजे दोन छेद पाच लिहितात, नववीत. हो लिहितात, तुझ्या वर्गातही लिहायचे, तुझ्या शेजारचा लिहायचा. वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. त्यावर लाल फुली मारून खाली बरोबर रीत लिहून देणं हे काम मी कितीतरी वर्षं केलं, पोरं ती रीत छान उतरवून घेतात आणि पुढच्या चाचणीत परत दोन छेद पाच. मग एकदा एकीला बोलावून विचारलं की अगं हे कसं केलंस ते मला सांग, रागावत नाही. ती म्हणाली बाई, तुम्हीच करता की पेपरवर. पहिल्या प्रश्नाला पाचपैकी तीन, दुसऱ्याला पाचपैकी चार, आणि वर बेरीज लिहिता सात छेद दहा.

बघ की. तिच्या दृष्टीने ती अगदी बरोबर होती, अपूर्णांकांच्या बेरजेचं तिने आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं उदाहरण तिच्या स्वतःच्या पेपरवर होतं, आणि ते लिहिणारी मी. मार्कांमध्ये पाचाचा एक पेपर आणि पाचाचा दुसरा, एकूण पेपर दहाचा होतो, पण अर्धी भाकरी आणि पाव भाकरी मिळवताना भाकरी दोन होत नाहीत, एकच राहते. एवढा फरक कळायला दोन तास गेले त्या वर्गाचे, पोर्शन मागे पडला, पण त्या बॅचला मी परत दोन छेद पाच क्वचितच पाहिलं. म्हणून माझं एकच ऐक, चुकीचं उत्तर दिसलं की बरोबर उत्तर सांगायची घाई करू नको. आधी विचार कसं केलंस. निम्म्या वेळा पोरगं "माहीत नाही" म्हणेल, वाट बघ, खाली बघेल, वाट बघ. आपल्याकडच्या पोरांना कसं केलंस हा प्रश्न आजपर्यंत कोणी विचारलेलाच नसतो, त्यामुळे त्यांना तो दरडावल्यासारखा वाटतो. हळूहळू सुटतात.

याच्या उलट गोष्ट सांगते. त्रिकोणमितीतल्या उंची आणि अंतरासाठी मी एकदा मोठा थाटमाट केला होता. कोनमापक, दोरा, दोऱ्याला दगड, सरबताची नळी, असं सगळं करून प्रत्येक गटाला एकेक उंचीमापक बनवायला लावला आणि सगळा वर्ग घेऊन गेले गावातल्या पाण्याच्या टाकीपाशी. पोरं काय खूष, ओरडाआरडा, कोण अंतर मोजतंय कोण नळीतून बघतंय, टाकीची उंची काढली, ग्रामपंचायतीच्या माणसाला विचारली तर जवळपास जुळली. फोटो काढले, केंद्रशाळेत दाखवले, कौतुक झालं. आठवड्याने चाचणी घेतली, दीपस्तंभावरून जहाज बघणाऱ्या माणसाचं साधं उदाहरण दिलं, तर वर्गातल्या मोजक्या पोरांनाच आकृती काढता आली. अवनत कोन (वरून खाली बघतानाचा) कुठे दाखवायचा तेच कळेना. टाकीपाशी कोन नळी दाखवत होती ना, त्यांना काढावाच लागला नव्हता. मग पुढचे तीन-चार तास खडू-फळा, फक्त आकृत्या, गणित सोडवायचंच नाही, वाक्य वाचायचं आणि आकृती काढायची, इतकं कंटाळवाणं की मलाच जांभया येत होत्या, आणि त्यानेच आलं. बीएडला तुला सांगितलं असेल की उपक्रम घ्या, मुलं रमली पाहिजेत. घे, जरूर घे, पण पोरं रमली आणि पोरं शिकली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी झाली का हे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर बघायचं.

बरं, आपल्या पट्ट्यातलं बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, तू पण इथलाच आहेस. दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्यांचे ट्रक लागतात, दिवाळीनंतर वर्ग अर्धा होतो, गुढीपाडव्याच्या आसपास परत भरायला लागतो. तुझ्या शाळेत हे माझ्या शाळेपेक्षा जास्त असणार, पाथर्डी-शिरूर कासारकडची गावं ती. प्राथमिकच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं तरी असतात, नववी-दहावीवाला एकतर आजीपाशी राहतो नाहीतर फडात जातो, आणि चौदा-पंधराचं पोरगं घरच्यांना फडात कामाला येतं, हे आपण सगळे जाणतो.

अर्थनियोजन शिकवताना मी पुस्तकातली बचत आणि गुंतवणूक करून झाली की उचलीचं, म्हणजे मजूर नेणारा मुकादम हंगामाआधी देतो त्या आगाऊ पैशांचं, गणित घालायचे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तेव्हापासून टनाला साधारण 366 रुपये धरायचे. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडतात धरा. झाले 732. लाखाची उचल घेतली असेल तर फिटायला किती दिवस? पोरांनी भागाकार केला, 137 दिवस. वर्गात एकदम चुळबूळ. हंगाम चार-पाच महिन्यांचा, म्हणजे सगळा हंगाम उचल फेडण्यातच, आणि तिथे खायचं काय तो खर्च अजून धरलेलाच नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक, जो वर्षभर तोंड उघडत नव्हता, उभा राहिला आणि म्हणाला बाई तुमचं गणित चुकलंय, यात खाडा कुठाय? आजारी पडलं, पाऊस आला, ट्रॅक्टर आला नाही, तो दिवस मजुरी तर नाहीच, वर मुकादम खाड्याचे पैसे उचलीत चढवतो. म्हणजे त्या दिवसाचं शून्य नाही धरायचं, वजा धरायचं.

मी खडू त्याच्या हातात दिला. त्याने फळ्यावर दहा दिवसांचा हिशोब मांडला, आठ दिवस अधिक, दोन दिवस वजा, आणि शून्य आणि वजा यातला फरक त्या वर्गाला ज्या दिवशी कळला तो मला पुस्तकातल्या संख्यारेषेवरून कधीच कळवता आला नसता. त्याला स्वतःलाही कळलं की आपल्याला गणित येतं. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास कोणता असं कोणी विचारलं तर मी तोच सांगीन.

आणि तो मुलगा दिवाळीनंतर गेला. घरी जाऊन आले, बापाने त्या वर्षी त्याच्या जिवावर अर्ध्या कोयत्याची उचल आधीच घेऊन ठेवली होती, घराच्या पत्र्याला खर्चही झाली होती. काय बोलणार. पाडव्याला परत आला नाही. आता ट्रॅक्टर चालवतो, भेटला की थांबतो, बोलतो, हिशोबात मुकादमाला फसवू देत नाही म्हणतो.

हे यश की अपयश ते मला आजही ठरवता येत नाही, आणि तूही ठरवत बसू नको. पण एक शिकले ते कामाचं आहे. उचल जुलै-ऑगस्टपासून घेतात, गणपतीत मुकादमांच्या फेऱ्या जोरात असतात. पालकाला भेटायचं तर तेव्हा भेटायचं, पैसे घ्यायच्या आधी. दिवाळीत भेटून उपयोग शून्य, तेव्हा तो माणूस मनात असूनही पोराला ठेवू शकत नाही. आम्ही सगळे वर्षानुवर्षं दिवाळीतच भेटत राहिलो, कारण वर्ग तेव्हा रिकामा दिसतो.

पोरींचं याहून आधी बघावं लागतं. नववीतली पोरगी अचानक गप्प झाली, वह्या पूर्ण करायची थांबली, सहामाहीनंतर आठवडा आठवडा मामाच्या गावी जायला लागली तर समजून जा. पोरीशी बोलायला तू जाऊ नको, तुमच्याकडच्या बाईंना बोलू दे, नाहीतर मला फोन कर. अठराच्या आत लग्न ठरतंय असं पक्कं कळलं तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करायचा, गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला सांगायचं. आणि गावात राहायचंय म्हणून घाबरशील तर नाव न सांगता पण फोन करता येतो. मी केलेत. एक लग्न थांबलं, पोरगी बारावी झाली. दुसरं थांबलं म्हणून आम्ही निर्धास्त झालो आणि पुढच्या महिन्यात तिला दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन उरकलं. तिच्या आईने नंतर मला बाजारात गाठून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही, त्या बाईचंही काही चुकत नव्हतं, पोरीला एकटीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवून फडात जायचं हा तिचा प्रश्न होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

पण पुढचं ऐक. तीच पोरगी काही वर्षांनी कडेवर लेकरू घेऊन शाळेत आली, म्हणाली बाई, अंगणवाडीत मदतनीस व्हायचंय तर पुढे शिक्षण विचारतात, दहावी करायचीय. आणि आम्ही काय केलं, 17 नंबरचा फॉर्म भरला. ज्या फॉर्मला मी वर शिव्या घातल्या तोच. दाखल्याची मूळ प्रत, आधार, फोटो, ऑनलाइन अर्ज, आणि फी मी भरली नाही बरं का, तिने तिच्या पैशाने भरली, मी फक्त नेटकॅफेत बसले. इतिहासात चांगले पडले, विज्ञानात बरे, गणितात अठ्ठावीस. तुला माहितीच असेल पण तुझ्या नववीच्या पोरांना माहीत नसतं म्हणून सांगते, गणित आणि विज्ञान दोन्हीत किमान पंचवीस पंचवीस आणि दोन्ही मिळून सत्तर असले तरी पास धरतात. तिचे दोन्ही मिळून बहात्तर झाले. त्या अठ्ठावीसाइतका मला कोणाच्या अठ्ठ्याण्णवचा आनंद झालेला नाही, अठ्ठ्याण्णववाला माझ्याशिवायही अठ्ठ्याण्णवच पाडतो.

म्हणजे फॉर्म वाईट नाही. शाळेत बसू शकणाऱ्या पोराला बाहेर काढायला तो वापरला की वाईट. तेव्हा एप्रिलला तुझ्यासमोर तशी यादी ठेवतील आणि वर्गशिक्षक म्हणून सही मागतील तेव्हा भांडू नको, शिक्षणसेवक आहेस, तीन वर्षं तुझी मान त्यांच्या हातात आहे हे मला कळतं. पण यादी यायच्या आधीच, म्हणजे जानेवारीत, तूच मुख्याध्यापकांकडे जा आणि सांग की सर, या सहा-सात पोरांचा मी सकाळी एक तास जादा घेतो, यांना दहावीत घेऊ, आणि घसरलेच तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे, वर्ष वाया जात नाही. तो सत्तरचा नियमही कागदावर मांडून ने. मुख्याध्यापक राक्षस नसतात रे, त्यांच्यावर संस्थेचा दट्ट्या असतो, त्यांना फक्त कोणीतरी जबाबदारी घेतोय असं दिसलं की निम्मे तरी ऐकतात. निम्मे नाही ऐकत. त्या वर्षी दोन पोरं वाचली तर दोन.

आठवीचा एखादा तास मिळाला तर एनएमएमएसचं, म्हणजे आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेचं, डोक्यात ठेव. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं की बसता येतं, लागली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 मिळतात. इथल्या घरात 12,000 म्हणजे पोरीला आणखी एक वर्ष शाळेत ठेवायचं कारण. परीक्षा पास करवून घेतात सगळे, पण दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं ते विसरतात आणि दुसऱ्या वर्षापासून पैसे बंद होतात. ते काम कोणाचंच नसतं म्हणून तुझं समज.

बाकी मतदार यादीची बीएलओ ड्युटी येईल, ऑनलाइन माहिती आजच भरा असे मेसेज रात्री दहाला येतील, स्टाफरूममध्ये दोन गट असतील आणि दोघांनाही तू हवा असशील. याला इलाज नाही, डबा खाताना जागा बदलत राहा एवढंच.

आता असं कर, पहिली घटक चाचणी झाली की मला पेपरांचे फोटो पाठव. चांगले नको, चुकलेले पाठव, लाल पेन लावायच्या आधीचे, आणि प्रत्येकाखाली तू त्या पोराला कसं केलंस विचारल्यावर ते काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिही. आठवी-दहावीच्या हजेरीची तुलना झाली की तो आकडा फक्त मला सांग, ग्रुपवर टाकू नको. आणि गणपतीच्या आधी एक रविवार मोकळा ठेव, मी एसटीने येते, वस्तीवर चारपाच घरं दोघं मिळून फिरू, तुझ्याकडे बाईक आहे ना?

तुझ्या बाई

ता.क. : डस्टर आणि खडू स्वतःचे ने, शाळेचे खडू फळ्यावर उमटत नाहीत.